उजेडाची वही

"ताई, उजेड पाठीशी घ्यायचा का पुढ्यात?" भिगवणजवळच्या कुंभारगावात, उजनी जलाशयाच्या काठावर, २०१६ सालच्या जानेवारीतल्या एका पहाटे होडी पाण्यात लोटता लोटता नावाड्याने मला विचारले. प्रश्न मला कळलाच नाही. पुण्याहून शंभरएक किलोमीटर अंतर काळोखात कापून मी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायला आले होते, नवी कोरी दीडशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स मांडीवर होती, आणि उजेड ही माझ्या लेखी आकाशातून आपोआप येणारी, ज्याबद्दल कुणाला काही विचारायचे नसते अशी गोष्ट होती. "पक्ष्यांच्या जितके जवळ नेता येईल तितके न्या, दादा," एवढेच मी म्हणाले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, लांब बांबू चिखलात रोवला आणि होडी थव्याच्या रोखाने सरळ रेटली.

त्या सकाळी मी चारशेच्या वर छायाचित्रे काढली. घरी येऊन ती मोठ्या पडद्यावर पाहिली तेव्हा पहिल्या तासातल्या चित्रांत चकाकणाऱ्या पाण्यावर नुसत्या काळपट आकृत्या उभ्या होत्या, कारण मी सारा वेळ पूर्वेकडे तोंड करून बसले होते. दहा-साडेदहानंतरच्या चित्रांत पक्षी उजळ होते खरे, पण त्यांच्या पाठीवर चुना फासल्यासारखा पांढरा पट्टा होता, पोटाखाली काळी सावली होती आणि डोळा कुठे आहे ते शोधावे लागत होते. ज्या रंगासाठी लोक तिथे जातात तो गुलाबी रंग चारशेपैकी एकाही चित्रात नव्हता. लेन्स महाग होती, पक्षी पुरेसे जवळ होते आणि हातही थरथरला नव्हता. तरीही चित्रे फुकट गेली होती.

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात एक ज्येष्ठ काका आहेत, फिल्मच्या काळापासून छायाचित्रण करणारे. छत्तीस चित्रांचा एक रोल संपला की खिशाला चटका बसायचा, त्या शिस्तीत ते तयार झालेले. त्यांनी माझी चित्रे शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "अगं, पक्षी कधी येईल ते आपल्या हातात नाही, पण सूर्य कुठे असेल ते पंचांगात छापलेलं असतं. जे आधी कळू शकतं ते तरी आधी माहीत करून घे." मग त्यांनी मला एक विचित्र वाटणारे काम सांगितले. पुढचा हिवाळा येईपर्यंत मी जिथे जिथे जाईन तिथे कॅमेरा काढण्याआधी वहीत चार गोष्टी लिहायच्या: वेळ, सूर्याची दिशा, माझ्या सावलीची लांबी आणि समोरच्या वस्तूची सावली कशी आहे, म्हणजे तिची कड धारदार आहे की विरघळलेली. प्राण्याबद्दल एक अक्षरही लिहायचे नाही.

सुरुवातीला ते काम मला शाळेतल्या शिक्षेसारखे वाटले. पण साताठ महिन्यांत त्या वहीतून ज्या गोष्टी उलगडल्या त्या मी वाचलेल्या पुस्तकांशी जुळत नव्हत्या, आणि तेव्हापासून मला ते काम आवडू लागले. परदेशी पुस्तकांत सूर्योदयानंतरच्या 'सोनेरी तासा'चे वर्णन असते. माझ्या वहीत मात्र ते ऊन दर वेळी अर्ध्या तासातच पांढरे पडलेले दिसत होते. कारण शोधले तेव्हा ते अक्षांशात सापडले. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे आपला सूर्य क्षितिजावरून बराच उभा वर चढतो आणि सहा अंशांच्या उंचीपर्यंत पोहोचायला त्याला साधारण अर्धा तास पुरतो. लंडनमध्ये डिसेंबरात तोच सूर्य क्षितिजाला घासून तिरपा जातो आणि तेवढ्याच उंचीसाठी जवळपास तासभर घेतो. तिथल्या माणसाने लिहिलेला तास आपल्याकडे निम्मा होतो, हे कळल्यावर मी नाश्ता करून निघण्याची सवय सोडली.

सावलीच्या नोंदींतूनही असेच काही निघाले. 'आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की कॅमेरा पिशवीत ठेवावा' हा छायाचित्रकारांमधला जुना ठोकताळा आहे. सूर्य पंचेचाळीस अंशांवर आला की सावली आणि उंची सारखी होते, त्यावर तो आधारलेला आहे. पुण्याच्या परिसरात डिसेंबरच्या उत्तरार्धात भर माध्यान्हीचा सूर्यदेखील अठ्ठेचाळीस अंशांच्या वर जात नाही, म्हणून सावली आखूड असण्याचा काळ साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत, एवढाच भरतो. मे महिन्याच्या मध्यावर हाच काळ सकाळी साडेनऊच्या आधी सुरू होतो आणि दुपारी साडेतीनच्या पुढे जातो; मधल्या एका दिवशी तर माध्यान्हीला सावली पायाखालीच नाहीशी होते. हिवाळ्यात आपण जंगलात जास्त चांगली चित्रे काढतो याचे श्रेय आपण स्थलांतरित पक्ष्यांना देतो, पण त्यातला मोठा वाटा या खाली राहिलेल्या सूर्याचा असतो.

आणखी एक नोंद मला पुढे फार उपयोगी पडली. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेतले वाक्य वर्षातून दोनच दिवस खरे असते. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस तो पूर्वेपासून पंचवीसेक अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. पाणवठ्याच्या ज्या काठावर हिवाळ्यात समोरून स्वच्छ ऊन पडते, त्याच काठावर उन्हाळ्याच्या शेवटी ते पन्नास अंशांनी सरकून कडेने येते. 'गेल्या वर्षी इथेच चांगलं चित्र मिळालं होतं' असे म्हणून चुकीच्या महिन्यात त्याच दगडावर जाऊन बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत मीही होते.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा कुंभारगावला गेले. नावाडी तोच होता. या वेळी मीच आधी सांगितले की तांबडे फुटण्यापूर्वी निघून, थव्याला लांबून वळसा घालून, आपल्याला त्याच्या आग्नेयेला जाऊन थांबायचे आहे, आणि होडी जवळ न्यायची नाही. तो हसला आणि म्हणाला, "मग गेल्या साली का सांगितलं नाही?" रोहित उथळ चिखलात चोच उलटी बुडवून चरतात आणि होडी अंगावर आली की सगळा थवा मान वर करून चालू लागतो, मग ना त्यांचे चरणे होते ना आपले चित्र. आम्ही थांबलो ती जागा त्यांच्यापासून चांगली लांब होती. सात वाजून गेल्यावर आमच्या पाठीमागून पहिले ऊन पाण्यावर सरपटत आले, आधी शेकाट्यांच्या लाल पायांना लागले आणि मग रोहितांच्या मानांवर चढले. गुलाबी रंग किती असतो आणि तो किती थोडा वेळ असतो, हे मला त्या दिवशी दिसले.

त्या आनंदातही एक गोष्ट खटकली. सूर्य अगदी नेमका पाठीशी असताना काढलेल्या चित्रांत रंग भरपूर होता, पण पक्षी पुठ्ठ्यातून कापून ठेवल्यासारखे सपाट दिसत होते, कारण प्रत्येक पिसाची सावली त्या पिसाच्याच मागे लपली होती. होडी वाऱ्याने थोडी सरकली आणि ऊन वीस-तीस अंश कडेने येऊ लागले, तेव्हा मानेचा गोलवा आणि पाठीवरच्या पिसांचे थर उठून दिसले. 'सूर्य पाठीशी ठेवा' हा नवख्यांना दिला जाणारा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो अर्धा आहे. सूर्य एका खांद्यावर ठेवावा, असे मी आता म्हणते. आणि पक्ष्याने मान किंचित आपल्याकडे वळवली की डोळ्यात उन्हाचा तो बारीक ठिपका येतो. त्याच्याशिवाय उत्तम उजेडातला पक्षीही पेंढा भरलेला वाटतो.

याच मुक्कामात रंगाबद्दलची एक चूक लक्षात आली. कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची झाक सुधारणारी सोय) मी कायम ऑटोवर ठेवत असे, आणि तो बिचारा आपले काम इमानाने करत, सकाळच्या उन्हातला तांबूसपणा दोष समजून पुसून टाकत असे. उजेडाच्या रंगाचे माप केल्विन, आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस; दुपारचे ऊन साधारण ५५०० केल्विनचे धरतात, उगवतीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास असते आणि सावलीतला उजेड, निळ्या आकाशाकडून येत असल्यामुळे, ७००० च्या वर जातो. मी व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर कायमचा बसवला, आणि सकाळ चित्रात सकाळसारखी दिसू लागली. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने साठवलेल्या कच्च्या नोंदीत, हे नंतर बदलता येते हे खरे, पण त्या क्षणी उजेड कसा होता ते महिनाभराने कुणाला आठवते?

उजेड ओळखता येऊ लागला तरी तो मोजता येत नव्हता. कॅमेऱ्यातले मीटर समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरते, म्हणजे पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत फेकणारे. त्याला बगळा आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. जलपर्णीच्या गडद हिरव्या पट्ट्यापुढे उभा असलेला मोठा बगळा मी टिपला तेव्हा चौकटीतला बहुतेक भाग काळपट असल्याने मीटरने चित्र उजळवले आणि बगळ्याची पिसे जळून कोऱ्या कागदासारखी झाली. तोच बगळा उडून चमकत्या पाण्यापुढे आला तेव्हा मीटर दचकले आणि त्याने पक्ष्याला करडा करून टाकले. पक्षी तोच, ऊन तेच, मधे गेलेली वेळ चार सेकंदांची. आणि दोन चित्रांत दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे मीटरच्या मापापेक्षा चित्र उजळ किंवा गडद करण्याची, चकती कधी अधिक, कधी उणे अशी फिरवत राहिले आणि दर वेळी पक्ष्यापेक्षा एक पाऊल मागेच राहिले.

या गोंधळावरचे उत्तर काकांच्या फिल्मच्या दिवसांतले निघाले. निरभ्र आकाशात सूर्य चांगला वर असेल तर एफ १६ ऍपर्चरला (लेन्सच्या भोकाचे माप; आकडा मोठा तितके भोक लहान) शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे राहते) आयएसओच्या, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतका ठेवायचा, असा तो जुना नियम आहे. आयएसओ ४०० असेल तर एफ १६ ला सेकंदाचा चारशेवा भाग, आणि त्याच हिशेबाने एफ ८ ला सोळाशेवा. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यातून आणखी एक स्टॉप कमी करायचा, म्हणजे पिसांतले बारकावे टिकतात. उगवतीला ऊन कोवळे असताना या हिशेबापेक्षा दोन-तीन स्टॉप अधिक द्यावे लागतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात ते दर काही मिनिटांनी बदलते. नियमातले आकडे महत्त्वाचे आहेतच, पण त्यामागचा विचार मला अधिक मोलाचा वाटला: पक्ष्यावर ऊन किती पडते आहे ते मोजायचे, पक्ष्यामागे काय आहे ते मोजायचेच नाही. ऊन बदलत नाही तोपर्यंत पक्षी जलपर्णीपुढून जावो, पाण्यापुढून जावो की आकाशापुढून, एक्स्पोजर तेच राहते. मी कॅमेरा मॅन्युअलवर आणला, होडीभोवती घिरट्या घालणाऱ्या कुरवांवर दोन सकाळी हात बसवला, हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या काळ्या ते पांढऱ्या छटांचा आलेख, उजव्या भिंतीला टेकत नाही ना एवढे अधूनमधून पाहिले, आणि चकती फिरवण्याचा तो खेळ बंद झाला. काठावर परतल्यावर चिलापी माशाचे कालवण आणि भाकरी खाताना मी नावाड्याला हे सगळे उत्साहाने सांगितले. त्याला त्यात फारसे नवल वाटले नाही.

त्यानंतरची चूक मला पैशांत पडली. फेब्रुवारीच्या अखेरीस बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात मी चिंकाऱ्यांसाठी जाऊ लागले. अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचे हे अभयारण्य म्हणजे उघडे माळरान आहे, बुटकी झुडपे आणि वाळके गवत; उजेडाला अडवणारे काहीच नाही. सकाळी आठपर्यंतची चित्रे नेटकी येत आणि साडेनऊनंतरची सगळी मऊ, पाण्यातून पाहिल्यासारखी. लेन्सचा फोकस बिघडला असे समजून मी ती दुरुस्तीला दिली, तपासणीचे पैसे भरले, आणि लेन्समध्ये काही दोष नाही असे उत्तर मिळाल्यावर दुरुस्ती करणाऱ्यांवरच मनातून चिडले. पुढच्या खेपेला दुर्बिणीतून पाहिले तेव्हा दूरच्या चिंकाऱ्याचे पाय जमिनीजवळ वितळल्यासारखे हलत होते. तापलेल्या जमिनीलगतची हवा पातळ होऊन वर उठते, तिच्यातून येणारा उजेड सतत वाकतो, आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून तो वाकडेपणा कित्येक पटींनी मोठा दिसतो. ज्याला आपण मृगजळ म्हणतो तेच, आणि तेही प्रत्यक्ष मृगाच्या पायांशी. इतका सरळ शब्द भाषेत असताना मी लेन्स दुरुस्तीला दिली होती. यावर कोणतीही लेन्स किंवा कोणताही शटर स्पीड चालत नाही. अंतर कमी असेल तर त्रास कमी होतो, नाहीतर सावलीला बसून शिदोरी सोडावी.

त्याच माळावर मी उजेडाच्या विरुद्ध बाजूला जायला शिकले. भिगवणच्या पहिल्या सकाळी जी चूक मी अजाणतेपणी केली होती, ती आता जाणून करायची होती. संध्याकाळी ऊन कलल्यावर चिंकाऱ्याची मादी आणि सूर्य दोघेही माझ्यासमोर होते. मागची टेकडी सावलीत गेलेली असल्यामुळे काळी दिसत होती, आणि त्या काळोखापुढे मादीच्या पाठीची कड, पापण्यांचे केस आणि गवताच्या कुसळांची टोके पेटल्यासारखी उजळली होती. कान उन्हाच्या आरपार येत होते, त्यातल्या शिराही दिसत होत्या. समोरच्या उन्हाला काळी पार्श्वभूमी मिळाली तर कड दिसते, उजळ आकाशाची पार्श्वभूमी मिळाली तर नुसती काळी आकृती उरते. आणि आकृतीच हवी असेल तर आकाशावर एक्स्पोजर घेऊन, जमिनीला छाती टेकवून, शिंगे आणि चारही पाय एकमेकांपासून सुटे दिसतील तोपर्यंत थांबावे लागते. माझ्या पहिल्या प्रयत्नात चिंकाऱ्याला तीन पाय आणि पोटाला चिकटलेले झुडूप होते. भिगवणच्या त्या पहिल्या चारशे चित्रांत, परत पाहिल्यावर, एक असे निघाले ज्यात पंख पसरलेल्या रोहिताच्या पंखांतली लाल पिसे मागून आलेल्या उन्हाने दिव्याच्या काचेसारखी चमकत होती. तेव्हा मी ते 'खराब' म्हणून बाजूला टाकले होते.

ताडोबाला मी मे महिन्यात गेले. माझ्या वहीतले सगळे हिशेब तिथे पहिल्याच दिवशी कोसळले. घड्याळ देशभर एकच असले तरी सूर्य तसा नसतो. ताडोबा पुण्याच्या साडेपाच अंश पूर्वेला असल्याने तिथे सूर्य बावीसएक मिनिटे आधी उगवतो. पुण्याच्या सवयीने मी ज्या अर्ध्या तासाची वाट पाहत होते तो प्रवेशद्वारापाशी जिप्सीच्या रांगेतच निघून गेला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर असतो. सागाची पाने गळून गेलेली असतात, त्यामुळे ऊन थेट खाली उतरते आणि चितळाच्या कपाळाची सावली त्याच्या डोळ्यांवर पडते. शिवाय माळावर किंवा होडीत मी स्वतःची जागा निवडत होते. इथे जिप्सी रस्ता सोडत नाही, खाली उतरता येत नाही, आणि ठरलेल्या वेळी दाराबाहेर असावेच लागते. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य गेल्यावर उजेडाच्या ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न मला खरोखर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोहर्ली प्रवेशद्वाराच्या बाजूला, रस्त्यापासून थोड्या अंतरावर बांबूच्या बेटात एक वाघीण पहुडलेली होती. बांबूच्या पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे तिच्या अंगावर पडले होते. कवडसा आणि त्याच्या शेजारची सावली यांत तीन-चार स्टॉपचे अंतर सहज असते. कवडशावर मोजले तर उरलेली वाघीण काळी होते, सावलीवर मोजले तर कवडसे जळून पांढरी भोके पडतात. ढगाची वाट पाहावी तर आकाश कोरडे ठणठणीत. मी कवडशांवर एक्स्पोजर घेतले, सावल्या रॉमधून जमतील तेवढ्या उचलू असे ठरवले, आणि कवडसे सरकताना पाहत बसले. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून एक मोठा कवडसा तिच्या पाठीवरून मानेकडे येताना दिसत होता. तो डोळ्यापर्यंत पोहोचला असता की नाही ते कळले नाही, कारण वीसेक मिनिटांनी गाइडने घड्याळ दाखवले आणि आम्ही वळलो. मागे वळून मी चालकाला आणखी थांबण्याची गळ घातली नाही. एका चित्रासाठी तसे करणाऱ्या जिप्सीत मी एकदा बसलेले आहे, आणि त्या दिवसाची आठवण चांगली नाही.

घरी आल्यावर त्या चित्राशी मी बराच वेळ खेळले आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. सावल्या उचलून, कवडसे दाबून काही जमेना, तेव्हा कंटाळून मी चित्रातले रंग काढून ते कृष्णधवल केले, आणि वाघीण नाहीशी झाली. ती कुठे आहे हे मला माहीत असूनही डोळ्याला तिची कड सापडेना. पट्टे बांबूच्या काड्यांच्या सावल्यांत मिसळले आणि पट्ट्यांमधली उजळ जागा कवडशांत. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत, त्यामुळे नारिंगी आणि हिरवा हा आपल्याला ढळढळीत दिसणारा फरक चितळाला फारसा दिसत नाही. ज्या उजेडाला मी चित्र बिघडवणारा म्हणत होते तोच वाघिणीच्या उपयोगाचा उजेड होता. ते चित्र मी तसेच ठेवले आहे. ज्यांना दाखवते त्यांतल्या अर्ध्या लोकांना वाघीण दिसत नाही, आणि ते माझ्या छायाचित्रणाबद्दल काय मत बनवतात ते त्यांचे त्यांना ठाऊक.

ताडोबाच्या मुरमाच्या रस्त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती थोडक्यात सांगते. सकाळी आठ-साडेआठच्या उन्हात कोरडा, फिकट रस्ता खालून उजेड परत फेकतो. त्यावरून चालणाऱ्या वाघाच्या हनुवटीखालची आणि पोटाखालची सावली त्यामुळे भरून निघते, पांढऱ्या छातीवर मुरमाची तांबूस झाक येते. तोच वाघ त्याच वेळी शेजारच्या गवतात शिरला की पोट पुन्हा काळे पडते. तेव्हापासून मी वहीत पाचवी नोंद करू लागले: पायाखाली काय आहे.

पावसाळ्यात बहुतेक छायाचित्रकार कॅमेरे सिलिका जेलबरोबर डब्यात ठेवतात. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो, भिगवणला चिखल पाण्याखाली जातो. मी मात्र भीमाशंकरला शेकरूंसाठी जाऊ लागले, कारण पातळ ढगांखालचा उजेड चारी बाजूंनी येतो आणि त्यात सावलीची कडच नसते. शेकरूच्या अंगावरचा तपकिरी-तांबडा रंग उन्हात चकाकीखाली दबतो. ढगाळ हवेत, ओल्या पानांच्या शेजारी, तो पूर्ण दिसतो. अडचण एकच, पण मोठी. शेकरू राहतो झाडांच्या शेंड्यांत, आपण उभे असतो बुंध्याशी, आणि त्याच्यामागे असते ढगाचे पांढरे छत. मीटर त्या छतावर जाते आणि शेकरू कोळशासारखा होतो; दीड-दोन स्टॉप वाढवावेत तर शेकरू दिसतो आणि भोवतालची पाने विरघळतात. जंगलाखाली उजेडही इतका कमी की आयएसओ ३२०० ठेवूनही शटर स्पीड सेकंदाच्या शंभराव्या भागापुढे जात नाही, आणि शेकरू काही चित्रासाठी स्थिर बसत नाही.

यावर उपाय आकाश चौकटीतून काढून टाकणे हाच होता, आणि त्यासाठी मला शेकरूच्या उंचीला जायला हवे होते. झाडावर चढण्याचे माझे वय नाही. दोन पावसाळे हिंडल्यावर एक अशी पायवाट सापडली जी तीव्र उतारावरून जाते. तिच्या खालच्या अंगाच्या झाडांचे शेंडे वाटेच्या पातळीला येतात आणि त्यांच्यामागे आकाश नसून समोरच्या डोंगराचे गर्द रान असते. तिथे शेकरूचे काटक्यांचे घरटेही आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरात तिथे बसले असताना चारनंतर एकदाच ढग फाटले, पश्चिमेकडून तिरपे ऊन आत आले, आणि फांदीवरून उडी घेणाऱ्या शेकरूची लांब, झुपकेदार शेपटी मागच्या काळ्या रानापुढे केसन् केस उजळली. माझा कॅमेरा तेव्हा ढगाळ हवेच्या मापावर होता. चित्रात शेपटीच्या जागी एक पांढरा फराटा आहे.

त्या जागेपुढे वहीत लिहून ठेवले आहे: "सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दुपारी साडेतीनपासून बसणे. सूर्य पश्चिमेला, खिंडीच्या किंचित उजवीकडे. मागचे रान सावलीत. ऊन आले तर शटर तीन स्टॉप वर, आधीच बोट चकतीवर ठेवणे. पायाखाली जळवा."